साडेअकरा कोयते

परभणीला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या सांगलीत पहिला प्रश्न येतो, "तिकडे कोण आहे तुमचं?" कुणी नाही म्हटलं की दुसरा प्रश्न, "मग देवाला गेला होता का?" तेही नाही म्हटल्यावर विषय बदलतो. म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढते, म्हणजे परत परत सांगायला नको.

आमची एक छोटी समिती आहे. समिती म्हणजे पाच-सहा निवृत्त माणसं, एक कपाट आणि चहाचा एक थर्मास. ऊसतोड मजुरांच्या तक्रारी ऐकायच्या, अर्ज लिहून द्यायचे आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे, एवढंच आमचं काम. तीस वर्षं सरकारी नोकरीत मी लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले. आता त्रुटी निघणार नाही असे अर्ज लिहून देते. प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

गणपती गेल्यावर आमच्याकडे एक पत्र आलं, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याजवळच्या एका वाडीतून. गेल्या मोसमात राज्याच्या सीमेपलीकडच्या एका उसाच्या फडावर तिथली टोळी अडकून पडली होती. ऊस संपला तरी मुकादम आणि त्याच्या वरचे लोक त्यांना घरी जाऊ देत नव्हते. फोन काढून घेतले होते, बाजाराला जायचं तरी मागे माणूस असायचा. शेवटी कुणीतरी कळवलं, अधिकारी आले, वेठबिगारीतून मुक्त झाल्याचे कागद झाले आणि सगळ्यांना टेम्पोत बसवून गावी पाठवण्यात आलं. बातमी इथे संपते. माणसं गावी पोचल्यावर त्यांचं काय होतं, हे कुणी छापत नाही.

ते त्या पत्रात होतं. "सुटका झाल्यापासून जास्त त्रास आहे. आम्ही साडेअकरा कोयते आहोत. आम्हाला कोणी कामाला घेत नाही. शेतात मेंढरं बसवून घेत नाही. येऊन बघावे." आणि अगदी खाली, दुसऱ्या शाईत: "सरूबाईचे काय ते सांगावे."

मेंढरं बसवणं आमच्याकडेही आहे. रिकाम्या रानात कळप मुक्कामाला बसवायचा, लेंडीखत शेतकऱ्याला, धान्य मेंढपाळाला. ते बंद झालं म्हणजे गावाने पाठ फिरवली. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून एक कोयता. एकटं माणूस असलं तर अर्धा. लेकरं मोजण्यातच नाहीत. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याच मळ्यात टोळी उतरली की वडील विचारायचे, "किती कोयते आले?" कोण कोण आलं, असं त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही कधी विचारलं नाही.

चौकशीसाठी मी एक फॉर्म तयार केला. मारहाण झाली का, धमकी दिली का, पुन्हा कामावर ओढून नेलं का, असे बारा-पंधरा रकाने. साडेअकरा कोयते, म्हणजे उदार मनाने बारा धरले आणि बारा झेरॉक्स काढल्या. या बारा झेरॉक्स लक्षात ठेवा.

पिंगळी ते मानवत

गाडी परभणीच्या तोंडाशी, पिंगळीला, अर्धा तास उभी राहिली. समोरच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "पिंगळी आली की लोकं बॅगा काढतेत आणि मंग बसतेत." आम्हीही तसेच बसलो, बॅगा मांडीवर घेऊन.

स्टेशनवर गंगाधरराव आले होते. मानवतचे राहणारे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. आमच्या समितीतल्या एकाचे जुने स्नेही. जिल्ह्यातला एकही फाटा असा नाही जिथे त्यांनी घंटी मारली नाही. उंच, कोरडे, बोलणं मोजून. गर्दीत शिरले की ओठ हलायला लागतात. पहिल्या दिवशी मला वाटलं जप करतात. दुसऱ्या दिवशी कळलं, डोकी मोजतात. नोकरी सुटली, सवय सुटली नाही.

नाष्ट्याला त्यांनी मला सुशीला खायला घातली. सुशीला ही बाई नव्हे. चुरमुरे भिजवून, पिळून, पोह्यांसारखे फोडणीला टाकतात आणि वर दाण्याचं कूट. मी भडंगाच्या मुलुखातली. आमच्याकडे चुरमुरा मऊ पडला तर डबा नीट न लावणाऱ्याची चौकशी होते. इथे मुद्दाम भिजवतात, हे बघून मला धक्काच बसला. पहिला घास नाइलाजाने घेतला, दुसरी प्लेट मागून घेतली.

मानवतच्या एसटीत मी बायकांचं अर्धं तिकीट काढलं. "पगार पुरा घेतला, पेन्शन पुरी घेते आणि तिकीट अर्धं," मी म्हटलं. गंगाधरराव हसले नाहीत. "सीट पुरी हाय ना?" एवढंच म्हणाले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता. आमच्याकडे उसाच्या भिंतीतून रस्ता जातो, पलीकडचं दिसत नाही. इथे नजर लांब जाते, काळ्या रानावरून थेट आभाळाला लागते. मला दोन दिवस त्याची सवय होईना. उगाच उघड्यावर बसल्यासारखं वाटायचं.

पत्र लिहिणारा ज्ञानोबा मानवतला भेटला. दहावीपर्यंत शिकलेला, सुटकेनंतर वाडीवर काम मिळेना म्हणून मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाली धरलेली. बायको रुक्मिण धान्य निवडायला जाते. एका खोलीचं घर, पण आत इतकं स्वच्छ की मी चपला दारापासून दोन हात लांब काढल्या. रुक्मिणने ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी वाढली. आमटी इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. "रडायलाव का माय?" तिने काळजीने विचारलं. मी मान हलवून आणखी घेतली.

जेवणानंतर मी फॉर्म काढला. नाव, ज्ञानोबा. वय. कोयता क्रमांक, एक. मारहाण? "न्हाई." धमकी? "तोंडी हाय." त्याने हकीकत नीट सांगितली. मुकादमाचे सोयरे आसपासच्या चार गावांत आहेत. त्यांनी सगळीकडे सांगून ठेवलं की या वाडीवरच्या लोकांना जवळ करायचं नाही. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त कुणी बोलावत नाही. माझ्या फॉर्मात या गोष्टीसाठी रकानाच नव्हता. मी समासात लिहिलं.

रुक्मिण पलीकडे बसून बघत होती. फॉर्म संपल्यावर म्हणाली, "आता माझा काढा."

"तुमचा यातच आहे," मी म्हटलं. "हे बघा, पत्नीचे नाव."

"ऊस बी म्या याच्यातच तोडला का?"

ज्ञानोबाने तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. विषय बदलायला मी ज्ञानोबाकडे सुटकेच्या कागदांच्या झेरॉक्स मागितल्या. सगळ्या टोळीचे कागद त्याने जपून ठेवले होते. मी पसरून बघू लागले. एक, दोन, तीन, अकरा. अकरा कागद. अकरा पुरुषांची नावं. कुटुंबाचा उल्लेख सुद्धा नाही.

"बायकांचे कुठे आहेत?"

"एका कोयत्याला एक कागद," ज्ञानोबा म्हणाला. त्यात काही चुकलंय असं त्याला आजवर वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर पाच मिनिटांपूर्वी मलाही वाटलं नव्हतं. माझ्या पिशवीत बारा फॉर्म होते आणि त्या फडावरून तेवीस माणसं सुटली होती.

"आणि साडेअकरातला अर्धा कोण?"

 ज्ञानोबाने खिडकीकडे तोंड केलं. रुक्मिणच बोलली.

"सरू. चुलत नणंद हाय माझी. नवऱ्यानं टाकलेली, भावापाशी ऱ्हाती. एकली व्हती म्हणून अर्धा कोयता." मग थांबून म्हणाली, "मुकादमाचा निरोप हाय वाडीवर. म्हणतो, अकरा सुटले त्यायला म्या काही म्हणत न्हाई. मेंढरं बसतील, कामं मिळतील. अर्धा कोयता सुटला न्हाई, तेवढा द्या."

"मग वाडीवरचे काय म्हणतात?"

"काय म्हंत्यात? ह्यो काय म्हणतो ते ईचारा."

ज्ञानोबा खिडकीतच बघत राहिला. "म्याच लिवलंय पत्रात," तो हळू म्हणाला. "सगळे म्हणाले लिवू नको. म्या खाली लिवलं."

दसरा आठ दिवसांवर होता. दसऱ्यानंतर टोळ्या न्यायला ट्रॅक्टर येतात. म्हणजे वाडीच्या तक्रारीवर तोडगा वाडीनेच काढून ठेवला होता आणि त्या तोडग्याचं नाव सरूबाई होतं.

मी निघताना रुक्मिण पिशवी भरून दारात उभी. "म्या येयले तुमच्यासंग," ती म्हणाली. कुणी नको म्हणायच्या आत पायऱ्या उतरली सुद्धा.

चारठाण्याकडे

सेलूला गाडी बदलली. सेलूच्या स्टँडवर मी माझा चष्मा बाकावर विसरले, गंगाधररावांनी धावत जाऊन आणला. "तीस साल लोकायच्या वस्तू गोळा केल्या," ते म्हणाले. एकदा त्यांना गाडीत जिवंत कोंबडी सापडली होती, ती त्यांनी तीन दिवस डेपोत सांभाळली. मालक आला तेव्हा अंडीही हिशेबाने परत दिली म्हणे. मी पुढे विचारलं नाही.

चारठाण्याला उतरलं की वाटतं, कुणीतरी देवळांचं सामान आणून टाकलंय आणि रचायचं राहून गेलंय. कुठे नक्षीचा खांब, कुठे कोरीव दगड, त्याला टेकून सायकल. एका देवळाच्या ओट्यावर बाया सोयाबीन वाळवत होत्या. आमच्याकडे अशा एका दगडाला कुंपण घालून पाटी लावली असती, आणि मग तिथे कुणी बसलंही नसतं. मला हे जास्त बरं वाटलं. दीपमाळेजवळ दहा मिनिटं उभी राहिले आणि पुढे निघालो. त्यासाठी आले नव्हते, तरी ती दहा मिनिटं अजून आठवतात.

वाडी तिथून दीड-दोन कोस, माळावरून आणि मधल्या रानांतून. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता. काळी माती पावलाला धरते ती सोडत नाही. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी तुटकी चप्पल हातात घेऊन, एक पाय अनवाणी, अशी चौकशी समितीच्या थाटात वाडीवर पोचले. पोरांनी मनसोक्त हसून घेतलं.

सरूबाई माळावर मेंढरांपाशी होती. भावाची दहा-पंधरा मेंढरं. चाळिशीची, बारीक चणीची, कपाळ मोठं. हातात चाती, म्हणजे लोकर कातायची फिरकी, आणि ती आमच्याशी बोलताना एकदाही थांबली नाही. मी कोण, कुठून आले, हे रुक्मिणने सांगितलं. तिने माझ्या हातातली चप्पल घेतली, कातलेला लोकरीचा दोरा दुहेरी करून अंगठा बांधला आणि परत दिली. मगच बोलायला लागली.

"मला येकच ईचारायचंय. म्या सुटले का न्हाई?"

माझ्या फॉर्मात पंधरा प्रश्न होते, हा नव्हता. मी म्हटलं, "त्या दिवशी काय झालं ते सांगा."

"साहेब आले. जीप आली. सगळ्यायला लाईनीत हुबं केलं. यादी वाचायलेत आन् एकेक टेम्पूत चढायलेत. नाव घेतलं गड्याचं की बायकू-लेकरं मागं. अकरा नावं झाली. टेम्पूचं फळकं लावायलेत. म्या हुबीच. मला वाटलं, माझं येगळं असंल."

"मग?"

"हिनं वढलं वर." तिने रुक्मिणकडे मान वळवली. "नाव घेतलं न्हाई, पर जागा व्हती. बसले. घरापस्तोर धास्ती, कुणी उतरवून देतंय का काय. इनातिकिटाची बसल्यावानी."

गंगाधरराव मागे उभे होते. इतक्या वेळात पहिल्यांदा ते खाली बसले.

"आता भाऊ म्हणतो, जा. वाडी म्हणती, जा. तू गेलीस की आमची मेंढरं बसतील. म्या म्हणलं, जाते. पर कुणीतरी सांगावं तर की सुटले व्हते का न्हाई. सुटले असंल तर कामून जाऊ? आन् नसंल सुटले तर मंग इथं बसून काय करायले म्या?"

चाती फिरत होती. मला एवढं लाजल्यासारखं क्वचित झालंय. सरकारने साडेअकराचे अकरा केले, मी साडेअकराचे बारा केले. माझा आकडा मोठा होता एवढंच. बाई दोघांच्याही मोजणीत नव्हती.

गंगाधरराव मोजून म्हणाले, "कागद पाहिजे. ही त्या फडावर व्हती, असा कागद."

तोच तर कुठे नव्हता. सरकारी यादीत नाव नाही. वाडीवरचे साक्ष द्यायला तयार नाहीत. आधी ती बांधलेली होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती सुटली, असं लिहून देणार कोण?

मुकादम

मुकादम बापूराव दुसऱ्या दिवशी सकाळी चारठाण्याच्या हॉटेलात भेटला. भेटला म्हणजे आम्ही आल्याचं कळून तोच आला. मी मनात मिशीवाला, दरडावणारा माणूस धरून ठेवला होता. हा किडकिडीत, नमस्कार करून बसला, माझ्यासाठी कमी साखरेचा चहा सांगितला. "म्या सोता बारा वरसं ऊस तोडलाय म्याडम," तो म्हणाला आणि तळहात दाखवले. खोटं नव्हतं ते. "माझ्यावर वरचे हायेत. कोयते कमी पडले की ते मला धरत्यात."

"माणसं कोंडून ठेवली होती तुम्ही."

"राखण ठेवली व्हती," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जराही बदलला नाही. तेव्हा मला त्याची भीती वाटली.

"सरूबाईचं काय म्हणणं आहे तुमचं?"

"यादीत नाव दावा. न्हाई ना? जे सुटले ते सुटले. ती सुटली न्हाई. साहेबानं ईचारलं, किती कोयते? म्या माझीच वही देली. त्यायच्या फारमात अर्ध्याला जागा न्हाई म्हणे. अकरा लिवले. त्यात माझी काय चुकी?"

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यातला जुना कारकून जागा झाला. तीस वर्षं मी समोरच्या माणसाला एकच प्रश्न विचारून घरी पाठवत आले होते. तोच विचारला.

"ती तुमच्या टोळीत होती, याला पुरावा काय?"

"म्हंजी?"

"यादीत नाव नाही. उद्या कुणी म्हणालं, ही बाई त्या फडावर कधी नव्हतीच, तर तुम्ही कशाच्या जोरावर तिला न्याल?"

त्याला ते मनापासून लागलं. कप खाली ठेवला. "कोण म्हणायलंय? वही हाय माझ्यापाशी!" प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हजेरीची वही त्याने काढली, बोट लावून पान उघडलं. अकरा पुरुषांची नावं आणि शेवटी, "सरूबाई, अर्धा." पुढे रोजच्या हजेरीच्या रेघा. सुटकेच्या तारखेपर्यंत एकही खाडा नाही.

"याचा फोटो घेते," मी म्हटलं. "आणि खाली तुमची सही. नाहीतर कोण मानणार?"

गंगाधररावांनी खिशातलं बॉलपेन पुढे केलं. वहीच्या पानाखाली मी लिहिलं की सदर बाई माझ्या टोळीत या फडावर अर्धा कोयता म्हणून कामाला होती. बापूरावने वाचलं, सही केली. मग विचार करून, आपली बाजू आणखी पक्की करावी म्हणून, स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: "सुटकेच्या दिवशी फडावर हजर होती पण तिचे नाव पुकारले नाही."

मी फोटो काढले. एक, दोन, तीन. खात्रीसाठी चौथा. मग त्याचे आभार मानले आणि चहाचे पैसे मीच दिले. त्याचा चहा मला नको होता. मी त्याला फसवलं का? थोडंसं. झोप मात्र त्या दिवशी छान लागली.

हॉटेलाबाहेर आल्यावर गंगाधरराव म्हणाले, "म्याडम, तुमी नोकरीत असताना लय लोकं रडले असतील."

वाडीवर पुन्हा

दुपारी वाडीवरच्या लिंबाखाली माणसं जमली. सरूबाईचा अर्ज लिहायचा म्हटल्यावर पुरुष एकमेकांकडे बघू लागले. तिचा भाऊ म्हणाला, "एका बाईपायी बाकीच्यायनी का मरावं?" वाईट माणूस वाटला नाही. थकलेला वाटला.

उत्तर मी देणार होते. मनात वाक्य जुळवतही होते. तेवढ्यात रुक्मिण उठली. तिच्या हातात ज्ञानोबाने जपलेल्या अकरा झेरॉक्स होत्या. ज्ञानोबाची तेवढी स्वतःकडे ठेवून तिने बाकीच्या एकेक करून त्या त्या गड्याच्या हातात दिल्या.

"ह्यो तुमचा. ह्यो तुमचा. तुमी सुटलाव. माझा कुटंय? हिचा कुटंय?" तिने बसलेल्या बायकांकडे हात केला. "आज सरूला न्यायलेत कागद न्हाई म्हणून. पुढल्या वरसाला म्हणतील, बायकायचे बी कागद न्हाईत. मंग कुणाला देताव? आं? आमाला देताव?"

 एका म्हाताऱ्या बाईने आपल्या नवऱ्याच्या हातातला कागद घेतला, उलटा सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यात म्या न्हाई?" नवऱ्याने मान खाली घातली. मग ती उठून माझ्यासमोर येऊन बसली. तिच्यामागे दुसरी. मग रांगच लागली.

अर्जदार बायका बारा झाल्या. माझ्याकडे फॉर्म उरले होते अकरा, कारण एक ज्ञानोबावर खर्ची पडला होता. कोयता क्रमांकाचा रकाना मी सगळीकडे आडवी रेघ मारून खोडला. शेवटी सरूबाई आली. तिचा अर्ज मी कोऱ्या कागदावर हाताने लिहिला आणि मुकादमाच्या सहीच्या पानाचा फोटो सोबत जोडायचा ठरवला. "मुक्तता मागणाऱ्या व्यक्तींची संख्या" असं लिहून पुढे आकडा घातला.

"काय लिवलं?" तिने विचारलं.

"एक."

ती त्या आकड्याकडे बघत राहिली. अंगठा लावायच्या आधी तिने हात पदराला दोनदा पुसला.

जिंतूरची एसटी

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी घाई नको. जिंतूरला तालुक्याच्या कचेरीत बारा अर्ज दिले आणि बारा पोचपावत्या शिक्क्यानिशी घेतल्या. फोटोची प्रत सीमेपलीकडे ज्या कचेरीने सुटका केली होती तिथेही पाठवली. दसऱ्यानंतर ट्रॅक्टर वाडीवर आला. गंगाधररावांनी फोनवर सांगितलं की सरूबाई शिक्क्याचा कागद हातात धरून लिंबाखाली बसली होती आणि वाडीवरच्या सगळ्या बायका तिच्या भोवती. ट्रॅक्टर रिकामा गेला. कागद अजून यायचे आहेत, मी दर सोमवारी फोन करते. मेंढरं मात्र एका शेतकऱ्याने बसवून घेतली. एकानेच. पण सुरुवात झाली.

आता राहिलेलं. जिंतूरला जायला सरूबाई आमच्याबरोबर निघाली, स्वतःचा अर्ज स्वतः द्यायचा म्हणून. रुक्मिण वाडीवर बायकांपाशी राहिली. फडावर ती नेहमी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेलेली. एसटीत खिडकीशी बसायची तिची ही दुसरी की तिसरी वेळ. कंडक्टर आला. गंगाधररावांनी आपला पास दाखवला. मी पैसे दिले.

"जिंतूर, दोन बायका, दोन अर्धे," कंडक्टर म्हणाला आणि तिकिटं फाडून तिच्या हातात दिली.

तिने माझ्याकडे बघितलं. "हितं बी अर्धीच?"

 काय सांगणार, ही सवलत आहे म्हणून? गंगाधरराव पुढच्या सीटवरून मागे वळले.

"सरूबाई, भाडं अर्धं हाय. म्या तीस साल गाडीत डोस्की मोजली. लेकराचं तिकीट अर्धं, म्हाताऱ्याचं अर्धं, बाईचं अर्धं. पर डोस्कं मोजताना अर्धं धरायची सोय न्हाई. एक म्हंजी एक."

तिने तिकीट मुठीत धरलं. मला वाटलं, ऐकलंच नाही तिने. खिडकीबाहेर सीताफळाची झाडं मागे जात होती.

पुढच्या फाट्यावर गर्दी चढली. टोपीवाला एक गृहस्थ आमच्या सीटपाशी आला. "बाई, सरका जरा, तिघं बसू." मी जन्मभराच्या सवयीने लगेच अंग चोरलं. सरूबाई हलली नाही. तिने मुठीतलं तिकीट उलगडून त्याच्यापुढे धरलं.

"भाडं अर्धं हाय," ती म्हणाली. "म्या अख्खी हाय."

गृहस्थ जिंतूरपर्यंत दांडी धरून उभा राहिला.